समुद्र बघायला गेले आणि ऊस बघून आले

गेल्या अंकात मी कॅरिबियन समुद्रातल्या सात दिवसांच्या बोटसफरीवर दोन पानं लिहिली होती. पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून निघायचं, सेंट थॉमस, सेंट किट्स, अँटिग्वा, सेंट लुशिया आणि बार्बाडोस करून परत यायचं, असा फेरा. तिकिटं फ्लोरिडातल्या भाच्याने काढली, सोबतीला माझी धाकटी जाऊ. लेख छापून आल्यावर संपादकांनी पत्रांचं जाडजूड पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "बाई, हे तुमचं तुम्ही निस्तरा." मिरजेत चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे प्रश्न विचारणारं माणूस दिसलं की मला बरंच वाटतं. खर्च, व्हिसा आणि उलटीच्या गोळ्यांबद्दलची पत्रं बाजूला काढली आहेत, त्यांना भाचा उत्तरं पाठवील. उरलेल्यांपैकी काही इथे घेते.

निळंशार पाणी, पांढरी वाळू सोडून तुम्ही अर्धा लेख उसावर घालवलात. सांगली-मिरजेत ऊस कमी पडला का? (एक वाचक, पुणे)

कमी पडला नाही, अंगात भिनलेला होता म्हणून तर दिसला. माझं माहेर मिरजेपासून पाच-सहा मैलांवरचं. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. पौष-माघात चुलवाणाचा धूर डोळ्यांत घेतच आम्ही वाढलो. पंढरपूरला जायचं तर 'बार्शी लाईट'ने. कवठेमहांकाळ, ढालगाव, सांगोला करत कुर्डुवाडीकडे जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी. चढाला माणूस खाली उतरून, आडोसा बघून परत त्याच डब्यात चढतो अशी तिची ख्याती होती.

सेंट किट्सला आम्हाला बंदरावरून नीड्समस्ट नावाच्या स्टेशनावर नेलं. ते नाव एका जुन्या ऊसमळ्याचं आहे, आणि त्याचा अर्थ साधारण 'करावंच लागतं' असा. मळ्याला हे नाव ठेवताना ठेवणाऱ्याच्या मनात काय असेल, हे अजून माझ्या डोक्यातून जात नाही. गाडी पर्यटकांची, दुमजली. वर उघडा मजला, खाली थंडगार डबा, हातात सरबत आणि गाणारं त्रिकूट. मी मात्र रुळांकडे बघत राहिले. गार्डला विचारलं, दोन रुळांत अंतर किती? म्हणाला, तीस इंच. जाऊबाई शेजारून ओरडलीच, "ताई, ही तर आपली बार्शी लाईट!"

ही गाडी माणसांसाठी नव्हतीच. 1912 ते 1926 या काळात तिचे रूळ पडले ते बेटभरचा ऊस बासटेरच्या कारखान्यात आणायला. त्याआधी जवळजवळ प्रत्येक मळ्याचा स्वतःचा चरक आणि स्वतःचं भट्टीघर असे. उसाच्या गावचा माणूस याचं कारण लगेच ओळखेल. तोडलेला ऊस थांबत नाही, दिवसागणिक उतारा पडतो. म्हणून शेत आणि कारखाना एकाच जागी, आणि हंगामात चरक रात्रंदिवस चालू. आधी बैल, मग वारा, मग वाफ. गाडीतून अजूनही शेंडा तुटलेल्या पवनचक्क्यांचे दगडी बुंधे आणि धुराडी दिसतात. वर वेली चढल्यात. लोक त्यांचे फोटो काढतात, आणि खरंच सुंदर दिसतात हो, ते कशाला नाकारू.

एका ठिकाणी जुन्या काहिलीत कमळं लावली होती. त्या काहिलीपाशी मी खिळले. आमच्या गुऱ्हाळात काहिल एक. इथे चार-पाच ओळीने, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली जाळ. रस आटत जाईल तसा लांब दांड्याच्या पळीने पुढच्या काहिलीत टाकायचा. रस निवळायला आम्ही रानभेंडीचं पाणी घालायचो, ते चुना घालत. शेवटच्या, सगळ्यात लहान काहिलीशी उभा असलेला माणूस अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाची तार ओढून बघायचा आणि 'आता' म्हणायचा. आमचा गुळव्याही तारेवरूनच ठरवायचा. वडील त्याच्यापुढे आवाज चढवत नसत, कारण क्षणभर चुकलं तर आदण वाया. इथला गुळव्या मात्र विकत घेतलेला माणूस होता. त्याच्या कसबाची किंमत त्याच्याच डोक्यावर लिहिलेली, आणि ती मालकाच्या खात्यात. चरकात ऊस घालणाऱ्याचा हात डुलकीत आत ओढला गेला तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, हे त्या काळच्या लोकांनीच लिहून ठेवलंय.

सेंट किट्सचा साखरधंदा 2005 च्या हंगामानंतर बंद झाला. आता त्या रुळांवर आमच्यासारखे फिरतात.

वेस्ट इंडीज हे नाव तर चुकीतून पडलं. मग तिथले मूळ लोक कोण, आणि आज आहेत का? (एक वाचक, नाशिक)

चूक कोलंबसाची. 12 ऑक्टोबर 1492 ला बहामातल्या एका बेटावर उतरला आणि आपण आशियाच्या दाराशी पोचलो असं धरून चालला. तिथले लोक 'इंडियन' झाले आणि बेटं 'इंडीज'. पुढे खरी इंडीज वेगळी असल्याचं कळल्यावर त्यांना 'वेस्ट' जोडलं, पण नाव काही बदललं नाही.

उत्तरेकडच्या मोठ्या बेटांवर ताईनो लोक होते, दक्षिणेकडच्या लहान बेटांवर कलिनागो, ज्यांना युरोपीयांनी 'कॅरिब' म्हटलं. समुद्राचं नाव त्यांच्यावरून. इंग्रजीत नरभक्षकाला जो शब्द आहे तोही याच नावावरून निघाला. ज्याची जमीन घ्यायची त्याला आधी राक्षस ठरवायचं, ही रीत जुनीच. देवी, गोवर, सोन्याच्या खाणीतली वेठ आणि तलवार यांनी ताईनोंची वस्ती दोन पिढ्यांत जवळजवळ बसली. सेंट किट्सवर इंग्रज 1624 मध्ये आले, फ्रेंच पाठोपाठ 1625 मध्ये. एरवी एकमेकांचा गळा धरणारे हे दोघे 1626 मध्ये एक झाले आणि त्यांनी कलिनागोंची कत्तल केली. त्या जागेला आजही ब्लडी पॉइंट म्हणतात. आमच्या गाईडने ते नाव घेतलं आणि पुढच्याच वाक्यात माकडं दाखवली.

पण लोक संपले असं मात्र म्हणू नका. डोमिनिका बेटावर कलिनागोंचा राखीव प्रदेश 1903 पासून आहे आणि तिथे साधारण तीन हजार लोक राहतात. पोर्तो रिकोत स्वतःला ताईनोंचे वारस म्हणवणारे पुष्कळ भेटतात.

आणि नाशिककर, ताईनो तुमच्या तोंडातही आहेत. त्यांच्या भाषेतला 'बटाटा' हा शब्द रताळ्याचा होता. स्पॅनिश-पोर्तुगीज जिभेवरून तो आपल्याकडे उतरला आणि आपण दुसऱ्याच कंदाला लावला. पपई आणि तंबाखूही त्याच वाटेने आले असं भाषेचे जाणकार सांगतात. उपासाला बटाटा चालतो की नाही यावर आपण भांडतो ते परक्या शब्दात.

बोटीवर शाकाहारी जेवण मिळतं का? (एक वाचक, सोलापूर)

मिळतं. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा गोव्यातल्या सासष्टीचा निघाला, त्याचे वडील-आजोबाही तारवटी. पहिल्या रात्री त्याने कोकणीत "जेवलात?" विचारलं आणि जाऊबाईच्या डोळ्यांत पाणी. तिसऱ्या दिवसापासून तो स्वयंपाकघरातून वरणासारखं काहीतरी आणून देऊ लागला. तरी मेतकूट बरोबर ठेवा.

कॅरिबियन म्हटलं की समुद्री चाचे. ते खरंच तसे होते का? (आठवीतला वाचक, अलिबाग)

अलिबागच्या मुलाने विचारलंस म्हणून जरा सविस्तर सांगते. चाचा कोण, हे बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या हातात असतं. हेन्री मॉर्गन नावाचा वेल्शमन घे. जमैकाच्या इंग्रज गव्हर्नरच्या परवान्यावर तो स्पॅनिश शहरं लुटायचा. 1671 मध्ये त्याने पनामा लुटलं. तोवर इंग्लंड आणि स्पेनचा तह झालेला होता, म्हणून त्याला पकडून लंडनला नेलं. शिक्षा? 1674 मध्ये राजाने त्याला 'सर' केलं आणि जमैकाचा उपगव्हर्नर करून परत पाठवलं. म्हातारपणी तो काय करत होता माहीत आहे? ऊस लावत होता, गुलामांकरवी. बघ, पुन्हा ऊस आला, मी काय करू!

हेन्री एव्हरी नावाच्या दुसऱ्याने 1695 मध्ये मक्केहून सुरतेला परतणारं मोगलांचं गंज-ए-सवाई जहाज लुटलं, बायकांचे हाल केले, आणि लूट घेऊन थेट बहामातलं नासाव गाठलं. तिथल्या गव्हर्नरने लाच खाऊन त्याला थारा दिला. म्हणजे आपला अरबी समुद्र आणि तो कॅरिबियन तेव्हाही एकमेकांना ओळखत होते.

आता तुमच्या अलिबागचे कान्होजी आंग्रे. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. आपल्या दर्यात फिरणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा एवढं त्यांचं म्हणणं, जे पोर्तुगीज आधीपासून स्वतःच्या परवान्याने करत होतेच. इंग्रजांनी दस्तक मानला नाही आणि कागदोपत्री त्यांना 'पायरेट' करून टाकलं. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. मॉर्गन सर झाला आणि कान्होजी चाचे. परीक्षेत हे लिहू नकोस, पण वर्गात नक्की विचार.

गुलामांनी हे सगळं सहन कसं केलं? बंडं नाही झाली? (एक वाचिका, नागपूर)

पुष्कळ झाली. लिहिणारे मालक, म्हणून आपल्यापर्यंत 'कट' या नावाने पोचली. अँटिग्वात 1736 मध्ये उठावाचा बेत फुटला. त्यातला कोर्ट नावाचा पुढारी, ज्याला आज प्रिन्स क्लास म्हणतात, त्याला चाकावर बांधून हाडं मोडून मारलं. बार्बाडोसमध्ये 1816 च्या एप्रिलमध्ये बुसा नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली उसाची शेतं पेटली. बार्बाडोसमध्ये एका वाहत्या चौकात दोन्ही हात वर केलेला, साखळ्या तुटलेला पुतळा आहे, त्याला लोक बुसाच म्हणतात. आमची बस त्याला वळसा घालून समुद्रकिनाऱ्याकडे गेली.

आणि हैती, तेव्हाची फ्रेंच वसाहत. 1791 मध्ये उठलेल्या गुलामांनी 1 जानेवारी 1804 ला स्वतंत्र देश जाहीर केला. त्याआधी नेपोलियनची फौज हरवली. याची सजा अशी, की 1825 मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजं दारात उभी करून 15 कोटी फ्रँक भरपाई मागितली. कशाची? फ्रेंचांची मालमत्ता गेली, तिची. त्या मालमत्तेत माणसंही आली. हैतीने फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढून हप्ते भरले. रक्कम पुढे कमी झाली, तरी त्या कर्जाचं शेपूट 1947 पर्यंत ओढावं लागलं. हैती गरीब का, असं कोणी विचारलं की मी आधी हे सांगते.

इंग्रजांनीही तेच केलं, जरा सभ्यपणे. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी बंद केली आणि 2 कोटी पौंड नुकसानभरपाई वाटली, सगळी मालकांना. त्यासाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने 2015 मध्ये फेडून संपवलं. म्हणजे लंडनला नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांच्या करातलेही चार पैसे त्यात गेले असणार.

तिथे मराठी माणूस गेला होता का? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्या जिल्ह्याचा माणूस गेला, पण वेगळ्या समुद्रात. गुलामी सुटल्यावर मळेवाल्यांना स्वस्तात हात हवे होते. पाच वर्षांच्या करारावर हिंदुस्थानातून माणसं न्यायची पद्धत निघाली. 'ॲग्रीमेंट'चं झालं 'गिरमिट', आणि माणूस झाला गिरमिटिया. त्रिनिदादला पहिलं जहाज, फतेल रझाक, 30 मे 1845 ला कलकत्त्याहून पोचलं. पुढे 1917 पर्यंत तिथे 1 लाख 40 हजारांहून अधिक लोक गेले, बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. मुंबई इलाख्यातून, विशेषतः रत्नागिरी भागातून जे गिरमिटिये निघाले ते मॉरिशसला. म्हणून मॉरिशसला आज मराठी गणेशोत्सव होतो आणि त्रिनिदादला रामलीला.

आमची बोट त्रिनिदादला गेली नाही. पण सेंट लुशियाला टॅक्सीवाला भेटला तो आपल्यासारखाच दिसणारा. त्या बेटावरही 1859 पासून काही हजार गिरमिटिये आणले होते. नाव पूर्ण ख्रिस्ती, भाषा इंग्रजी आणि तिथली क्रेओल. पणजी 'कलकत्त्याची' एवढंच ठाऊक. कलकत्ता हे बंदर, तिचं गाव कुठलं ते पुसलं गेलं. त्याने आम्हाला बायकोच्या दुकानात 'रोटी' खायला नेलं. वाटलेल्या डाळीचं तिखट-मिठाचं सारण भरलेली मऊ पोळी. जाऊबाई म्हणाली, "अगंबाई, ही तर खारी पुरणपोळी!" तो हसला. माझी पणजीही अशीच लाटायची असेल, म्हणाला. 'असेल' हा शब्द मला लागला.

याच सेंट लुशियाचा कवी डेरेक वॉल्कॉट. 1992 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्याने भाषणाची सुरुवात केली ती त्रिनिदादमधल्या फेलिसिटी या खेड्यातल्या रामलीलेपासून. स्वतः आफ्रिकी-युरोपी वंशाचा माणूस, ती रामलीला बघायला गेला तेव्हा आधी त्याला नाटक वाटलं, मग उमगलं की ही मुलं नाटक करत नाहीयेत, त्यांची श्रद्धा आहे. दोन लाखांहून कमी वस्तीच्या या बेटाने दोन नोबेल मिळवलीत. दुसरं अर्थशास्त्रातलं, आर्थर लुइस यांचं, 1979 मध्ये.

आणि क्रिकेट विसरले तर रत्नागिरीकर मला सोडणार नाहीत. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी जिंकली, मालिकाही 1-0 ने जिंकली. मडगावचे दिलीप सरदेसाई 642 धावा, नवखा सुनील गावसकर चार कसोटींत 774. आमच्याकडे वडिलांनी ट्रान्झिस्टर गुऱ्हाळात आणून ठेवला होता. प्रेक्षकांत गिरमिटियांची नातवंडं कोणाच्या बाजूने ओरडत होती, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता.

माझे आईवडील वीस हंगाम कोयत्यावर गेले. तुम्हाला दोनशे वर्षांपूर्वीचे परदेशी गुलाम दिसले, शिवारातली खोपटं दिसली नाहीत? (एक वाचक, बीड जिल्हा)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि पाकिटात सगळ्यात खाली ठेवलं. मग परत वर काढलं.

आधी फरक सांगते, कारण तो पुसणं दोघांवरही अन्याय होईल. आफ्रिकेतून जवळजवळ सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली 18 लाख वाटेतच गेली. उत्तर अमेरिकेत उतरली ती चार लाखांहून कमी. कॅरिबियन बेटांवर त्याच्या दहापटीहून जास्त, कारण ऊस माणसं खात होता. जन्मापेक्षा मरणं जास्त, म्हणून दरवर्षी नवी आणायची. गुलाम बाईचं मूल जन्मतःच मालकाचं. तुमचे आईवडील कोणाची मालमत्ता नव्हते.

पण गिरमिट आणि उचल यांत मला फार अंतर दिसत नाही, हे कबूल करते. मुकादम आधी पैसे देतो, मग हंगामभर माणूस त्या पैशाच्या मागे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. माणसाला हत्याराच्या नावाने मोजायचं, ही आपलीच मराठी. बार्बाडोसच्या जुन्या याद्यांत 'हात' मोजत, आपण कोयते मोजतो.

आमच्या गुऱ्हाळावर चिपाडाच्या खोपीत माणसं राहायची. त्यांतल्या एकीला माझ्याच वयाची मुलगी होती, शेंबडी, लाल फीत बांधलेली. ती कोणत्या गावची, शाळेत का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही. पुढे चौतीस वर्षं इतिहास शिकवला तरी नाही. तुमच्या आईच्या त्या वीस हंगामांबद्दल याच मासिकात लिहा. पाच-सहा पानं लागली तर माझी जागा देते, संपादकांशी मी बोलेन.

सहा तास बेटावर उतरून इतिहास कळतो होय? (एक प्राध्यापक, मुंबई)

नाही कळत, सर. त्यातले दोन तास दागिन्यांच्या दुकानांत जातात. सेंट थॉमस आणि शेजारची आपली बेटं डेन्मार्कने 1917 मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला विकली. बेटांवरच्या लोकांना कोणी विचारलं नाही. हे आम्हाला बोटीवर कोणी सांगितलं नाही, घड्याळांवरची सूट मात्र ध्वनिक्षेपकावरून तीनदा सांगितली.

बार्बाडोसला बोटीच्या सहलीत एक जुना मळेवाल्याचा वाडा होता. नाव नको. गाईडबाईने महोगनीची टेबलं, चिनी मातीची भांडी, मालकाची वंशावळ सगळं दाखवलं. मी विचारलं, इथे किती गुलाम होते? तिने शेवटी सांगते म्हटलं, आणि शेवटी रमची चव होती. (मळीपासून रम. आपल्याकडे मळी कुठे जाते ते मी सांगायला नको.)

म्हणून दुपारी मी आणि जाऊबाईने स्वतः टॅक्सी केली. न्यूटन नावाचा जुना मळा आहे, तिथे गुलामांचं दफनस्थान सापडलंय. टॅक्सी चालवणारी बाई साठीची असेल. म्हणाली, बोटीचे लोक इथे येत नाहीत. बघण्यासारखं तिथे काही नाहीच. उताराचं गवत, मधूनमधून जमिनीला किंचित उंचवटा, पलीकडे ऊस. वाऱ्याने उसाच्या पाल्याची जी सळसळ होते ती अगदी तीच, माहेरची. खाली सुमारे 570 माणसं आहेत. साधारण 1660 ते 1820 या काळात पुरलेली. एकाही खड्ड्यावर नाव नाही.

तिथे खोदलेल्यांपैकी एका वयस्क पुरुषाच्या गळ्यात माळ सापडली. जाणकारांच्या मते तो वैदू, देवऋषी असा कोणी असावा. माळेत कुत्र्याचे सुळे, माशाचे मणके, काचेचे मणी, कवड्या आणि एक मोठा लालसर अकीक. कवडी ही हिंदी महासागरातली. मालदीवच्या कवड्या जहाजांच्या तळाशी वजन म्हणून युरोपात जात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत, माणसं विकत घ्यायला. तो अकीक तर संशोधकांच्या मते बहुधा गुजरातेतल्या खंबायतचा. खंबायतहून आफ्रिका, आणि आफ्रिकेतून त्याच्या गळ्यात किंवा मुठीत लपून बार्बाडोस. गुलामाच्या अंगावर काही ठेवत नसत म्हणतात. ही माळ राहिली कशी?

माझी आजी तुळजापूरची आराधीण होती. तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ आमच्या देव्हाऱ्यात अजून आहे. जाऊबाईला हे माहीत. तिने गवतात चप्पल काढून ठेवली आणि नमस्कार केला. टॅक्सीवाल्या बाईने काही विचारलं नाही, गाडीचं इंजिन मात्र बंद केलं.

तेव्हा सर, सहा तासांतले चाळीस मिनिटं धरा.

तिथली साखर आपल्यासारखीच लागते का? (सहावीतली वाचक, कराड)

छान प्रश्न, बाळा. बार्बाडोसहून मी तपकिरी साखरेचं एक पाकीट आणलं. दाणे ओलसर, वास आपल्या काकवीचा. मुळात ऊस त्या बेटांचा नाहीच, कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या खेपेला तो तिथे नेला. आणि उसाच्या रसाची खडीसाखर करायची युक्ती जगाला आपल्याकडून गेली, इंग्रजीतली 'शुगर' म्हणजे आपली शर्करा. जाऊबाईने त्याचा शिरा केला तर तो इतका काळपट झाला की शेजारच्यांनी विचारलं, गुळाचा केलात का? अर्धं पाकीट उरलंय. तुझ्यासाठी एक पुडी संपादककाकांच्या टेबलावर ठेवली आहे. मुंग्या लागायच्या आत ये.